पेरभाताचे वाण आणि चार तऱ्हांची मशागत

पेरभातात, म्हणजे रोपं न लावता थेट बी पेरून घेतलेल्या भातात, आधी वाण निवडायचा आणि मशागतीचं मागाहून बघायचं, हा क्रम आम्हाला पटत नाही. चिखलणी करून लावलेल्या भाताला तो चालून जातो. तिथे पाणी उभं असतं, वरचा थर मऊ असतो आणि नत्र बहुतांशी अमोनियमच्या रूपात टिकून राहतं. पेरभाताला यातलं काहीच मिळत नाही. बी नुसत्या ओलसर मातीत पडतं, पाणी पावसाचं, आणि पावसाच्या खंडात झाड तग धरतं ते मूळ किती खोल गेलंय त्यावर. मूळ खोल जाण्याची ताकद वाणात असते, वाट मात्र मशागत करून देते. म्हणून आम्ही पाच वाण आणि चार मशागती एकाच शेतात समोरासमोर ठेवतो. ते कसं करतो, कुठे बिनसतं आणि का बिनसतं, ते सांगतो.

पलटी नांगराने २० ते २५ सेंटीमीटर खोल नांगरट आणि तिच्यावर तव्यांच्या कुळवाच्या दोन पाळ्या, ही पहिली मशागत. दुसरीत नांगर नाही, फक्त तव्यांचा जड कुळव, १० ते १५ सेंटीमीटर. तिसरीत छिन्नी नांगर ३० ते ३५ सेंटीमीटर खोल चालतो. तो माती उलथत नाही, खालून उकलतो, त्यामुळे काडीकचरा बराचसा वरच राहतो. चौथी शून्य मशागत. आधीच्या पिकाची धसकटं आणि काडी जागच्या जागी, आणि पेरणी यंत्राचा फण जेवढी चीर पाडेल तेवढीच माती हलते. रोटाव्हेटर आम्ही मुद्दाम घेत नाही. तो माती इतकी बारीक करतो की पहिल्याच जोरदार पावसात वर पापडी धरते, आणि त्याच्या पात्यांनी चोपून १० ते १२ सेंटीमीटरवर गुळगुळीत थर तयार होतो. पेरभाताला याहून वाईट सुरुवात नसेल.

मशागतीचं अवजार जितकं महत्त्वाचं, तितकीच त्या दिवशीची मातीतली ओल. पलटी नांगराला वाफसा लागतो, म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी. नांगराच्या तासाच्या खोलीवरची मूठभर माती घ्यायची आणि तळहातावर वळून ३ मिलिमीटर जाडीची वळी करून बघायची. वळी न तुटता होत असेल तर माती अजून ओली आहे, थांबायचं. छिन्नी नांगराचं उलट आहे. त्याला खालची माती कोरडी हवी, म्हणजे फणाच्या दोन्ही बाजूंना ती तडकत जाते. ओल्या मातीत छिन्नी फक्त एक चीर कापत जाते, चिरीच्या भिंती चकचकीत घोटल्या जातात आणि दोन फणांमधली माती होती तशीच घट्ट राहते. वरून शेत उकललेलं दिसतं, पण ते खरं नसतं. फणाच्या वाटेला आडवा एक हातभर खड्डा खणून बघितल्याशिवाय आम्ही छिन्नीचं काम झालं असं म्हणत नाही. फणांमधलं अंतर खोलीच्या एक ते दीडपट ठेवायचं. ३० सेंटीमीटर खोल चालवायचं तर ३० ते ४५ सेंटीमीटर. त्याहून लांब फण लावले की मधे न हललेले पट्टे राहतात, आणि पुढे पावसाच्या खंडात तेच पट्टे पिकात पिवळे दिसतात.

मांडणी स्प्लिट प्लॉट पद्धतीची. मशागत मोठ्या वाफ्यात, वाण त्याच्या पोटातल्या छोट्या वाफ्यांत. याचं कारण साधं आहे: ट्रॅक्टर ३ मीटरच्या वाफ्यात नांगर टाकून उचलू शकत नाही. चार मशागती, पाच वाण, चार पुनरावृत्ती, असे ८० छोटे वाफे. प्रत्येक ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब, त्यात २५ सेंटीमीटरवर १२ ओळी. मोठ्या वाफ्यांच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळायला ८ ते १० मीटर जागा मोकळी सोडावी लागते. ती वाचवायला गेलं की शून्य मशागतीच्या वाफ्यातच ट्रॅक्टर वळतो, माती दबते आणि मग तिथला भात खुरटला तर दोष मशागतीच्या माथी बसतो. मोठे वाफे किमान तीन हंगाम त्याच जागी ठेवायचे. शून्य मशागतीचा पहिला हंगाम म्हणजे नांगरटीने मोकळी झालेली जमीन हळूहळू बसत जाण्याचा काळ. मुळांच्या आणि गांडुळांच्या वाटा तयार व्हायला वेळ लागतो, एका हंगामावरून तिला नापास करणं अन्यायाचं आहे.

वाण निवडताना आम्ही मुळांच्या स्वभावाकडे बघतो. आयआर-६४ हा तुलनेसाठी घेतो. १९८५ मध्ये फिलिपिन्समध्ये प्रसारित झालेला, मूळचा पाणथळ जमिनीचा, फुटवे भरपूर आणि मुळं बरीचशी उथळ. त्याच्या अगदी विरुद्ध अझुसेना, फिलिपिन्सचाच जुना डोंगरउताराचा वाण. उंच, फुटवे मोजके, मुळं जाड आणि खोल जाणारी. वंदना लवकर येणारा, सुमारे ९० ते ९५ दिवसांचा, सुरुवातीलाच जोमाने वाढून जमीन झाकणारा. सहभागी धान २०१० मध्ये भारतात प्रसारित झालेला, बुटका आणि पाण्याचा ताण सोसणारा. पाचवा नेरिका-४, आशियाई आणि आफ्रिकी भाताच्या संकरातून आलेला.

घट्ट थर कोणता वाण भेदेल याचा अंदाज पेरणीआधी घेता येतो. मेण आणि पेट्रोलियम जेली वितळवून एकत्र करायची, सुमारे ३ मिलिमीटर जाडीची चकती ओतायची आणि ती कुंडीत मातीच्या दोन थरांमध्ये बसवायची. मेण जास्त तितकी चकती कठीण. रोपं चार आठवड्यांची झाली की चकतीच्या खाली किती मुळं उतरली ते मोजायचं. जाड मुळांचे वाण इथे पुढे असतात, कारण बारीक मूळ टोकाला अडलं की वाकतं, जाड मूळ सहसा सरळ रेटत जातं. २०१३ मध्ये वर्णन झालेला डीआरओ-१ हा जनुक मुळाचा उताराकडचा कोन ठरवतो. किनांदांग पातोंग या डोंगरी वाणातून तो आयआर-६४ मध्ये आणला तेव्हा त्याच उथळ मुळांच्या वाणाची मुळं खाली वळली. पण कोन ही एक गोष्ट आणि भेदण्याची ताकद ही दुसरी. खाली वळलेलं बारीक मूळ कडक थरावर थांबतंच, म्हणून मेणाची चकती आम्ही सोडत नाही.

पेरणीआधी मातीची दोन मोजमापं घेतो. स्थूल घनतेसाठी ५ सेंटीमीटर व्यासाची, ५ सेंटीमीटर उंचीची पोलादी कडी मातीत ठोकायची. तिच्यात ९८ घनसेंटीमीटर माती बसते. ती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून तोलायची. १३७ ग्रॅम भरली तर घनता घनसेंटीमीटरला १.४० ग्रॅम, म्हणजे मातीत सुमारे ४७ टक्के पोकळी. १.६० ला पोकळी ४० टक्क्यांवर येते, आणि कमी होते ती नेमकी मोठी छिद्रं, ज्यातून मूळ आणि हवा जाते. दुसरं मोजमाप पेनेट्रोमीटरचं, म्हणजे मातीत दांडी खुपसून तिचा कठीणपणा मोजणाऱ्या यंत्राचं. मुळांची वाढ १ मेगापास्कलच्या पुढे मंदावू लागते आणि २ मेगापास्कलला बहुतेक मुळं अडतात, ही ढोबळ पट्टी. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: कोरड्या मातीत हे यंत्र सगळीकडेच कडक थर दाखवतं. भरपूर पाऊस होऊन दोन-तीन दिवस निचरा झाल्यावरच वाचन घ्यायचं, चारही मशागतींचं एकाच दिवशी, आणि प्रत्येक जागेची ओलही तपासायची. आच्छादनाखालची माती ओली आणि नांगरलेली कोरडी असेल तर दोन आकड्यांची तुलना फसवी ठरते.

आता बी. पोचट, हलकं बी काढण्यासाठी मिठाच्या पाण्यात बुडवून तरंगणारं फेकून द्यायचं, खालचं धुऊन सावलीत वाळवायचं. १०० दाण्यांची उगवण चाचणी आणि हजार दाण्यांचं वजन प्रत्येक वाणाचं वेगळं काढायचं. सगळ्या वाणांना किलोचं एकच प्रमाण लावलं की बारीक दाण्याच्या वाणाची रोपं दाट आणि जाड दाण्याची विरळ होतात, आणि तुलना तिथेच बिघडते. आम्हाला चौरस मीटरला २०० रोपं हवी असतात. हजार दाण्यांचं वजन २८ ग्रॅम, प्रयोगशाळेतली उगवण ८५ टक्के आणि त्यातले शेतात वर येणारे ८० टक्के धरले तर हेक्टरी ८२ किलो बी लागतं. छोट्या वाफ्यात ६ मीटरच्या एका ओळीला १२.३ ग्रॅम. ओळीगणिक पुड्या आधीच तोलून ठेवतो, यंत्राच्या फणांनी चिरी पाडून घेतो, बी हाताने सोडतो आणि दाबचाक फिरवून चिरी बंद करतो. पूर्ण शेतात यंत्रानेच पेरायचं असेल तर चाक उचलून २० फेरे फिरवायचे. चाकाचा घेर दीड मीटर आणि यंत्राची रुंदी ३ मीटर असेल तर ते ९० चौरस मीटर झालं, म्हणजे ७३८ ग्रॅम बी पडायला हवं. नंतर शेतात चालवून पुन्हा तपासायचं, कारण भुसभुशीत नांगरटीत चाक घसरतं आणि बी कमी पडतं.

खोली ३ ते ४ सेंटीमीटर. छिन्नी आणि पलटी नांगराच्या वाफ्यात फण आपल्या वजनाने ६-७ सेंटीमीटरपर्यंत बुडतो आणि तिथून बुटक्या वाणांचा कोंब वर पोचत नाही. त्यांचा बीपासून वर ढकलणारा पांढरा देठ आखूड असतो. उंच जुन्या वाणांचा लांब. एकाच ओळीत अझुसेना उगवलेला आणि आयआर-६४ गायब, याचं कारण बहुधा हेच. उपाय म्हणजे पेरणीआधी हलका रूळ फिरवायचा आणि फणाला खोली रोखणारं चाक लावायचं. शून्य मशागतीत अडचण निराळी. फणाच्या पुढच्या तबकडीची धार गेली असेल किंवा काडी ओली असेल तर काडी कापली जात नाही, दुमडून चिरीत शिरते आणि बी मातीऐवजी काडीवर बसतं. सकाळच्या दवात म्हणून पेरायचं नाही. काडी कडकडीत वाळल्यावर, दुपारी. नुसत्या तबकडीच्या फणापेक्षा आम्ही अरुंद छिन्नीचा फण पसंत करतो. तो बियाखाली ८ ते १० सेंटीमीटरपर्यंत माती फोडतो, आणि शून्य मशागतीतला सगळ्यात घट्ट थर साधारण तेवढाच वर असतो. या एका बदलाने शून्य मशागतीचा भात जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशानेही नाही, असं आमचं मत आहे.

सगळे वाफे एकाच दिवशी पेरायचे की ज्याचा त्याचा वाफसा आला की, यावर आमच्यातही दोन मतं होती. आच्छादनाखालची जमीन नांगरलेल्या जमिनीपेक्षा एक-दोन दिवस उशिरा वाफशावर येते. आता आम्ही जो तो वाफा त्याच्या वाफशावर पेरतो, फरक तीन दिवसांपेक्षा जास्त होऊ देत नाही, आणि पुढचे सगळे दिवस पेरणीपासून न मोजता उगवणीपासून मोजतो. शेतकरी तरी दुसरं काय करणार? ओल्या जमिनीत फण घालून शून्य मशागतीची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

उगवण झाली की प्रत्येक वाफ्यात तीन ठिकाणी एकेक मीटर ओळ मोजायची. वरच्या हिशेबाने मीटरला ७३ दाणे पडतात आणि ५० रोपं हवीत. ३५ च्या खाली आकडा गेला तर खुरपं घेऊन बसायचं आणि न उगवलेली बियाणं शोधायची. ती सगळं सांगतात. बी फुगून मऊ पडलंय, वास येतोय: चिरीत पाणी साचून हवा मिळाली नाही. कोंब जमिनीखाली गोल वळलेला: वर पापडी आहे. पांढरा देठ लांबलचक आणि टोक मातीतच सुकलेलं: खोल पेरलं. बी कोरडं, जसंच्या तसं, खाली काडी: चिरीत काडी दुमडली. टरफल रिकामं: वाळवी किंवा मुंग्या. नांगे भरण्याचा, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टाकण्याचा, मोह आवरायचा; प्रयोगाच्या वाफ्यात नांगे भरले की मशागतीने केलेलं नुकसान झाकलं जातं.

आणि आता नत्र, ज्यावर शून्य मशागतीतला पेरभात बहुतेक वेळा मार खातो. भाताचं लहान रोप अमोनियम सहज उचलतं, पण नायट्रेट पचवण्याची त्याची ताकद सुरुवातीच्या आठवड्यांत कमी असते. निचऱ्याच्या, हवेशीर जमिनीत अमोनियमचं नायट्रेट भराभर होतं. त्यात शून्य मशागतीत वर काडी पडलेली. भाताच्या किंवा मक्याच्या काडीत एक भाग नत्राला कर्ब ६०-७० भाग, कधी त्याहूनही जास्त. ती कुजवणारे जिवाणू हे नत्र मातीतून ओढतात आणि रोपाच्या तोंडचा घास जातो. नांगरलेल्या वाफ्यात उलट, माती उलथल्यामुळे पहिल्या पावसाबरोबर सेंद्रिय नत्राचा लोंढा मोकळा होतो. त्यामुळे चारही मशागतींना एकाच वेळी, एकसारखं खत दिलं की शून्य मशागतीचा भात तिसऱ्या आठवड्यात फिका पडतो, फुटवे कमी येतात, आणि ‘भाताला नांगरट लागतेच’ असा निष्कर्ष निघतो. भाताला त्या वेळी नांगर नको असतो, नत्र हवं असतं.

आमचं प्रमाण हेक्टरी ८० किलो नत्र, ४० स्फुरद, ४० पालाश. त्यातलं २५ किलो नत्र पेरणीलाच, अमोनियम सल्फेटमधून, हेक्टरी ११९ किलो. बियाच्या ५ सेंटीमीटर बाजूला आणि थोडं खाली. बियाला चिकटून दिलं तर क्षाराने कोंब जळतो. युरिया बियाजवळ कधीच नको, त्यातून सुटणारा अमोनिया कोंब मारतो. सिंगल सुपर फॉस्फेट २५० किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश ६७ किलो, तेही पेरणीलाच. राहिलेल्या नत्रातलं ३० किलो फुटवे धरताना, २५ किलो लोंबी पोटात धरायच्या वेळी, युरियातून अनुक्रमे ६५ आणि ५४ किलो. काडीवर फेकलेला युरिया हवेत उडून जातो, कारण काडीवरच त्याचा अमोनिया होतो; पाऊस नक्की येणार असेल तेव्हाच द्यायचा, नाहीतर ओळींमध्ये चरी पाडून झाकायचा. वरची काडी द्विदल पिकाची असेल तर ही ओढाताण बरीच कमी होते. शून्य मशागतीत भात कुणाच्या मागून घेतोय याला म्हणूनच इतकं महत्त्व. भातावर भात तर नकोच. त्याच जागी सलग पेरभात घेतल्यावर उत्पन्न दोन-तीन हंगामांत घसरतं, आणि त्यात मुळांवरच्या सूत्रकृमींचाही हात असतो.

पिवळेपणा दिसला की लगेच युरियाची गोणी उघडू नये. खालची जुनी पानं आधी पिवळी, तर नत्र कमी. नवी पानं आधी पिवळी, शिरा हिरव्या आणि मग पान जवळजवळ पांढरं, तर लोह कमी. चुनखडीच्या किंवा नुकताच चुना टाकलेल्या हवेशीर जमिनीत पेरभाताला हे होतंच. पाणी उभं नसल्यामुळे लोह विरघळत नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि २.५ ग्रॅम चुन्याची निवळी अशी फवारणी, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. आम्लधर्मी जमीन भात बऱ्यापैकी सोसतो, तेव्हा बाकीच्या पिकांच्या हिशेबाने चुना ओतायची घाई नको.

तणांचं थोडक्यात. पेंडीमेथालीन ३० टक्के, हेक्टरी ३.३ लिटर, पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत ओल्या जमिनीवर. ९० चौरस मीटरच्या मोठ्या वाफ्याला ३० मिलिलिटर साडेचार लिटर पाण्यात. बी नीट झाकलेलं नसेल तर औषध भाताच्याच कोंबाला लागतं. शून्य मशागतीत ते काडीवर अडकतं, मागून हलका पाऊस झाला तरच खाली पोचतं. पाखड दोन ते चार पानांवर असताना बिस्पायरीबॅक सोडियम १० टक्के, हेक्टरी २५० मिलिलिटर. लव्हाळा आणि हरळी मुळात शेतात असतील तर शून्य मशागत तिथे सुरूच करू नये. आधी त्यांचा बंदोबस्त, मग बाकीचं.

उगवणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी मुळं बघायची. ओळीला काटकोनात ५० सेंटीमीटर खोल चर खणतो, भिंत चाकूने सरळ करतो, पाण्याच्या बारीक फवाऱ्याने वरची अर्धा सेंटीमीटर माती धुतो आणि ५ सेंटीमीटर चौकटींची दोऱ्याची जाळी लावून प्रत्येक चौकटीतली मुळांची टोकं मोजतो. कुळवाच्या वाफ्यात इथे जे दिसतं ते विसरता येत नाही. वरचे १२ सेंटीमीटर पांढऱ्या मुळांनी गच्च भरलेले, आणि त्याखाली मुळं एकदम आडवी वळलेली, कडक थराच्या पाठीवरून सरपटत गेलेली, टोकं जाड आणि बोथट. क्वचित एखादं मूळ जुन्या गांडुळाच्या बिळातून खाली उतरलेलं. अझुसेनाच्या ओळीखाली अशी उतरलेली मुळं जास्त, आयआर-६४ खाली तुरळक. वर उभं राहून बघणाऱ्याला मात्र हाच वाफा त्या दिवसापर्यंत सगळ्यात छान दिसत असतो: उगवण एकसारखी, तण कमी, रंग हिरवा. पाऊस ओढला की दुपारी सगळ्यात आधी पानांच्या सुरळ्या होतात त्या इथे. उथळ कुळवणी वर्षानुवर्षं त्याच खोलीवर करणं ही चारांतली सगळ्यात धोक्याची पद्धत आहे, शून्य मशागतीपेक्षाही.

निसवण्याच्या वेळी पाण्याचा ताण पडला तर पळंज, म्हणजे न भरलेले पोकळ दाणे, वाढते, म्हणून प्रत्येक वाफ्यात निम्म्या लोंब्या बाहेर पडल्याची तारीख लिहायची. ती नसेल तर वंदना तगला तो मुळांच्या बळावर की खंड सुरू व्हायच्या आत निसवला म्हणून, हे कळायला मार्ग उरत नाही. नांगरटीच्या वाफ्यात नत्राचा लोंढा आणि वरून पाण्याचा ताण असा योग आला की करपा उसळतो. लोंबीच्या मानेवर काळपट पट्टा दिसला की ती लोंबी गेली. उंच वाण तिथेच लोळतात.

कापणीला दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ओळी आणि टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून मधला १० चौरस मीटर घ्यायचा. अझुसेनाची सावली शेजारच्या बुटक्या वाणावर पडते, म्हणून दोन ओळी सोडणं इथे गरजेचं आहे, एक पुरत नाही. दाण्यातली ओल मोजून वजन १४ टक्क्यांवर आणायचं: ओल २० टक्के असताना ३.२ किलो भरलं तर ३.२ ला ८० ने गुणून ८६ ने भागायचं, २.९८ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे २९.८ क्विंटल.

आकडे तपासताना लक्षात ठेवायचं की या मांडणीत मशागतींच्या तुलनेला त्रुटीचे स्वातंत्र्यांश (त्रुटीचा अंदाज किती भक्कम आहे याचं माप) फक्त ९ मिळतात, वाणांना आणि वाण-मशागत परस्परसंबंधाला ४८. मशागतींमधला लहान फरक सिद्ध होणार नाही, पण कोणता वाण कोणत्या मशागतीत जागा बदलतो हा आमचा मुख्य प्रश्न जास्त अचूक तपासला जातो. आणि जागा खरोखर बदलतात. खोल नांगरटीवर फुटव्यांचे वाण पुढे असतात, कारण तिथे मुळांची परीक्षाच होत नाही. कुळवावर खंड पडला की आयआर-६४ सगळ्यात खाली घसरतो. शून्य मशागतीत पेरणीचं नत्र आणि छिन्नीचा फण असेल तर सहभागी धान चांगला उभा राहतो. नेरिका-४ आणि अझुसेना तिथे रोपांच्या संख्येवर अडतात. फुटवे मोजके असल्यामुळे विरळ उगवण त्यांना भरून काढता येत नाही, म्हणून त्यांचं बी शून्य मशागतीत आम्ही १० ते १५ टक्के वाढवतो. नांगरलेल्या शेतात पहिला आलेला वाण शून्य मशागतीसाठी शिफारस म्हणून देणं म्हणूनच चूक आहे.

कापणी झाली की पुढच्या हंगामाची शून्य मशागत त्याच दिवशी सुरू होते. मळणीयंत्राच्या मागे काडीचे ढीग पडले तर तिथे पुढच्या वर्षी बी काडीतच अडकेल आणि नत्र तिथेच ओढलं जाईल. काडी ताजी असताना एकसारखी पसरायची. मग वाफ्यात तिरकी दोरी ताणायची, तिच्यावर समान अंतरावर १०० गाठी मारलेल्या असतात, आणि किती गाठींखाली काडी आहे ते मोजायचं. ३० पेक्षा कमी भरल्या तर त्या वाफ्याला आच्छादित म्हणायचं नाही, शेजारच्या काठाच्या ओळींची काडी आणून तो भरायचा.